नसलेल्या हाताची मूठ: मेंदूतज्ज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांना पत्र

आदरणीय डॉ. रामचंद्रन सर,

सप्रेम नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. आपली ओळख असायचं कारण नाही. पण माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला एक आरसा आहे, तो तुमच्यामुळे, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे हात जातात ते कडबाकुट्टीत. वैरण आत सारताना बाही अडकते आणि कुणी बटण बंद करेपर्यंत पंजा गेलेला असतो. पुढे जखम भरते, टाके निघतात, आणि मग माणूस दबक्या आवाजात सांगायला लागतो की गेलेल्या हाताची मूठ आवळली आहे, नखं तळव्यात रुतताहेत, उघडता येत नाही. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. काही जण आधी बाहेरचं बघून येतात आणि मग माझ्याकडे.

ही मूठ तुमच्या १९९६च्या शोधनिबंधात मला भेटली. डायान रॉजर्स-रामचंद्रन यांच्यासोबत तुम्ही हात गमावलेल्या १० जणांना आरसा लावलेल्या खोक्यासमोर बसवलंत. धड हात हलला की आरशात दुसराही हललेला दिसायचा, आणि सहा जणांना तो हलल्याचं जाणवलंही. चौघांची आवळलेली मूठ सुटली. मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन, केंब्रिजमार्गे कॅलिफोर्नियाला गेलेला माणूस मेंदूवर उपाय शोधतो आणि त्याला लागतं काय, तर आरसा आणि खोकं! आमच्यासारख्यांना हे केवढं सोयीचं पडलं, ते तिथून कळणार नाही.

त्याआधीचं तुमचं कामही मी नातेवाइकांना सांगते. मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो, त्यात चेहऱ्याचा भाग हाताच्या भागाला लागून असतो. हाताकडून संवेदना येणं बंद झालेल्या माकडांमध्ये हाताची जागा चेहऱ्याच्या संवेदनांनी व्यापल्याचं १९९१मध्ये टिम पॉन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. तुम्ही हात गेलेल्या एका तरुणाच्या गालाला कापसाची काडी लावून पाहिलीत, तर त्याला नसलेल्या बोटांवर स्पर्श कळला. बांधाशेजारच्या पडीक रानात शेजाऱ्यानं नांगर घालावा तसं, असं म्हटलं की म्हाताऱ्या आईलाही उमगतं. पोराला वेड लागलेलं नाही, हे तिला पटतं, आणि उपचाराचं निम्मं काम तिथंच होतं.

तुमच्या सगळ्याच कल्पना टिकल्या असं नाही. तामार मेकिन यांच्या गटानं २०१३मध्ये दाखवलं की नसलेल्या हाताचं दुखणं जास्त असलेल्यांच्या मेंदूत हाताची जागा उलट शाबूत दिसते. त्यामुळे नांगराची गोष्ट मी आता जरा जपून सांगते. ‘मिरर न्यूरॉन’, म्हणजे दुसऱ्याची हालचाल नुसती पाहतानाही चेतवल्या जाणाऱ्या मेंदूतल्या पेशी, आणि ऑटिझम यांची तुम्ही घातलेली सांगड तर मला कधीच पटली नाही. पण आरसा इतरांनीही तपासून घेतला. २००७मध्ये पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांवरच्या छोट्या चाचणीत रोज १५ मिनिटं आरसा पाहणाऱ्या सहाही जणांचं दुखणं महिन्याभरात कमी झालं. झाकलेल्या आरशापुढे बसलेल्यांत मात्र एकाचंच. अर्धांगवायूसाठी तर २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात (यात आधीचे अभ्यास एकत्र करून तपासतात) ६२ अभ्यास जमले होते.

माझ्या खोलीतला अनुभव संमिश्र आहे. कुणाची मूठ पहिल्याच बैठकीत सुटते, कुणाला नुसती चक्कर येते, कुणाला काहीच होत नाही. बसण्याआधी धड हातातलं घड्याळ, बांगड्या, काळा दोरा काढायला लावते, गोंदण झाकते. गेलेल्या हातावर गोंदण नव्हतं ना! बायका बांगड्या उतरवायला कचरतात. मग बाही मनगटापर्यंत ओढून घेतो, चालून जातं.

खोकं इथल्याच सुतारानं केलंय. ते पेशंटच्या घरी जातं, उसाचा हंगाम संपला की परत येतं, कधी काच फुटून. पायासाठी उभा, लांब आरसा लागतो, तो सध्या एका गावात अडकलाय. तुम्ही हे साधन इतकं स्वस्त आणि उघडं ठेवलंत, की आम्हाला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट