सूचना : नव्याने आणलेल्या जनावरांच्या श्वसनरोगाबाबत

सर्व सभासदांसाठी,

नवी जनावरे गोठ्यात येऊ लागली आहेत. पहिले 3-4 आठवडे न्यूमोनियाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. प्रवासाचा ताण, उपासमार आणि अनोळखी जनावरांची सरमिसळ यांमुळे प्रतिकारशक्ती घटते. आधी विषाणू श्वासनलिका दुखावतात, मग एरवी नाकात निमूट राहणारे पाश्चुरेला गटातील जिवाणू फुप्फुसात उतरतात.

गाडीतून उतरताच स्वच्छ पाणी, चांगली वाळकी वैरण आणि कोरडी जागा द्या. खुराक हळूहळू वाढवा. नवी जनावरे किमान 3 आठवडे वेगळी ठेवा आणि त्यांचे काम जुन्या जनावरांनंतर करा. खच्चीकरण, शिंगे काढणे नंतर बघू. त्यासाठी कसली घाई?

लस खरेदीपूर्वीच, प्रवासाच्या 2-3 आठवडे आधी टोचलेली उत्तम. तसे नसेल तर कधी टोचायची हे पशुवैद्यकांना विचारा. आज टोचलेली लस उद्या संरक्षण देत नाही.

मुख्य काम मात्र नजरेचे. सकाळी वैरण टाकताना गव्हाणीकडे कोण येत नाही ते पाहा. मान खाली, कान पडलेले, पोट खपाटीला, श्वास जलद, अशा जनावराचा ताप लगेच मोजा. दुपारच्या उन्हात आकडा फसवतो. 40 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त भरल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. खोकल्याची वाट पाहू नका. उरलेसुरले प्रतिजैविक स्वतःच्या मनाने टोचू नये. दिलेल्या प्रत्येक औषधाची तारीख आणि त्यानंतर दूध किंवा जनावर विकण्यापूर्वी थांबण्याचा काळ वहीत लिहावा.

— व्यवस्थापन समिती