सिगारच्या पेटीतला चामड्याचा तुकडा

कुक्सहाफेन,
८ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र गणपती झाल्यावर आलं आणि मी आज उत्तराला बसलोय. रागावू नकोस. गेल्या हिवाळ्यापासून मी एका माणसाचा माग काढत होतो आणि मागच्या आठवड्यात तो लागला. ही हकिगत सगळ्यांत आधी तुलाच लिहावीशी वाटली. का, ते शेवटी कळेल.

आमच्या घरमालकीणबाई तुला ठाऊक आहेत. आम्ही त्यांना आजीच म्हणतो. जानेवारीत एका संध्याकाळी त्या सिगारची एक लाकडी पेटी घेऊन वर आल्या. आत त्यांच्या आजोबांची पदकं. ते पहिल्या महायुद्धात झेपेलिनवर, म्हणजे त्या अजस्र हवाई जहाजांवर, खलाशी होते. घरातली कथा अशी, की त्यांनी लंडनवर स्वारी केली आणि खुद्द कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, त्यांच्या छातीवर पदक लावलं. आजी म्हणाल्या, "मी आता ७८ वर्षांची आहे. यातलं खरं किती, ते मला माझ्या डोळ्यांदेखत कळू दे."

पेटीत होतं एवढंच: एक लोहक्रॉस, तलवारी असलेला दुसरा एक क्रॉस, पानांच्या अंडाकृती कड्यातलं हवाई जहाजाचं बिल्लं, तीन-चार कागद, दोन फोटो, कैदेतून आलेलं एक पोस्टकार्ड. आणि तळाशी चामड्याचा एक वाळलेला तुकडा, मधोमध धातूची खडबडीत चकती बसवलेली. तो काय आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी आधी पदकांकडे वळलो, कुणीही वळला असता. लोहक्रॉस दुसऱ्या दर्जाचा. पुढे कैसरचं डब्ल्यू, मुकुट आणि १९१४, मागे १८१३, कारण हे पदक मुळात नेपोलियनविरुद्धच्या युद्धातलं. मधला भाग खरोखर लोखंडाचा, चुंबक लावलं तर चिकटतं. पण दत्ता, त्याच्यावर नाव नसतं. कडीवर शिक्का असला तर तो बनवणाऱ्या कारखान्याचा. त्या युद्धात या दर्जाचे ५० लाखांच्या आसपास क्रॉस वाटले गेले. म्हणजे हातात क्रॉस आला तरी तो कुणाचा, कशाबद्दल, कधीचा, हे तो क्रॉस सांगत नाही.

बिल्ल्याने तर घरची कथाच मोडली. नौदलाच्या हवाई जहाजांवरच्या माणसांसाठी हे बिल्लं काढलं गेलं १९२० साली. तोवर कैसर गादी सोडून हॉलंडला जाऊन राहिला होता. त्याने ते कुणाच्या छातीवर लावणं शक्यच नाही. ज्या फोटोत आजोबांच्या कोटावर ते दिसतं, तो फोटोही युद्धातला नाही. तो त्यांच्या लग्नातला असावा. हे आजींना सांगायला मी दोन दिवस लावले. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग पुढे शोध."

तलवारीवाला क्रॉस १९३४ साली सुरू झालेला. युद्धात गेलेल्या प्रत्येकाला अर्ज करून तो मिळत असे, आघाडीवर लढलेल्याला तलवारींसह. सोबतच्या प्रमाणपत्रावर 'फ्युरर आणि राइशकान्सलर यांच्या नावाने' असं छापलेलं. म्हणजे हिटलरच्या. ती ओळ वाचून आजींचा चेहरा उतरला. मी त्यांना समजावलं, की ते नाझी पक्षाचं पदक नव्हे, लाखो जुन्या सैनिकांनी ते घेतलं होतं. त्यांना पटलं, पण कागद त्यांनी पालथा करून ठेवला. मला मात्र त्याच कागदावर आजोबांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि १९३५ चा पत्ता मिळाला. पदकांपेक्षा सोबतचा कागद मोलाचा, हे तिथे समजलं.

बाकीचे कागद कुरेंट लिपीत होते. कुरेंट म्हणजे इथली मोडी समज. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, ई आणि एन ओळखू येत नाहीत, आणि आजची जर्मन पिढी तिच्यापुढे आपल्यासारखीच हतबल. तू खेडच्या जुन्या फेरफारांवर रात्र रात्र काढतोस, ते मला पहिल्यांदा कळलं. तीन महिने रोज अर्धा तास गिरवलं, तेव्हा पोस्टकार्ड वाचता आलं.

मधे एक मोठी चूक केली, ती लिहितो. एका फोटोमागे शिसपेन्सिलीने 'एल ३३' लिहिलंय. फोटोत आजोबांच्या टोपीच्या पट्टीवर 'मरीन-लुफ्टशिफ-आब्टाइलुंग', म्हणजे नौदलाचा हवाई जहाज विभाग. मी यादीत ३३ शोधलं, एलझेड ३३ सापडलं, आणि ते मार्च १९१५ मध्ये बेल्जियमात पडलं असं वाचून आजोबांना बेल्जियमला नेऊन बसवलं. दोन आठवडे त्यात गेले. मग उमगलं, की एलझेड हा कारखान्याचा क्रमांक. नौदल स्वतःचा वेगळा क्रमांक देई, फक्त एल लावून. एलझेड ३३ म्हणजे नौदलाचं एल ८. आणि नौदलाचं एल ३३ म्हणजे कारखान्याचं एलझेड ७६. त्यात भूदलाची हवाई जहाजं वेगळी, आणि त्यांनी पुढे कारखान्याच्या आकड्यात ३० मिळवून आपले आकडे पाडले. या तीन हिशेबांत कुणीही हरवेल.

एल ३३ हाती लागलं आणि सगळं उलगडत गेलं. हे जहाज १९८ मीटर लांब, सहा इंजिनांचं, आत ५५ हजार घनमीटर हायड्रोजन. ३० ऑगस्ट १९१६ ला पहिल्यांदा उडालं आणि २३ सप्टेंबरच्या रात्री लंडनवर गेलं. पहिलीच मोहीम, आणि शेवटचीही. कप्तान आलोइस बॉकर, जहाजावर २२ जण. पूर्व लंडनवर बॉम्ब टाकताना तोफांचे गोळे लागले, आतल्या वायूच्या पिशव्या फाटल्या, वायू गळायला लागला. हलकं व्हायला हाती लागेल ते बाहेर फेकत ते समुद्रापर्यंत पोचले. पण जहाज तग धरेना. बॉकर परत किनाऱ्याकडे वळला आणि एसेक्समधल्या लिटल विग्बरो गावाच्या शेतात ते उतरलं. मध्यरात्र उलटून गेली होती. २२ ही जण जिवंत.

जहाज पेटवण्याआधी बॉकरने जवळच्या घरांची दारं ठोठावली, लोकांनी सावध व्हावं म्हणून. भीतीने कुणी उघडलं नाही. मग जहाजाला आग लावली, पण वायूच उरला नव्हता, म्हणून कापड जळलं आणि सांगाडा जवळजवळ अख्खा राहिला. इंग्रजांनी त्याचं माप घेऊन आर ३३ आणि आर ३४ बांधली. आर ३४ ने १९१९ मध्ये अटलांटिक ओलांडून परतीचा प्रवासही केला. आणि ती २२ माणसं रांगेने रस्त्याने चालत निघाली. समोरून सायकलवर एक साधा गावचा शिपाई आला, एडगर निकोलस, आणि त्याने सगळ्यांना पुढे घातलं. त्याच रात्री शेजारच्या गावात एक मुलगी जन्मली. तिचं नाव झेपेलिना ठेवलं.

त्याच रात्री आलेलं एल ३२ बिलरिकीजवळ पेटून पडलं. त्यावरही २२ जण होते. एकही वाचला नाही. आजोबा कोणत्या जहाजावर चढले, एवढ्यावर आजींचा जन्म अवलंबून होता.

आता कागदपत्रांचं. प्रशियाच्या भूदलाचं दप्तर पॉट्सडॅमला होतं आणि १४ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. भूदलातल्या कित्येकांच्या नातवंडांना म्हणून काहीच सापडत नाही. नौदलाचं दप्तर मात्र आधीच बव्हेरियातल्या तांबाखच्या गढीत हलवलं होतं. ते दोस्त राष्ट्रांच्या हाती लागलं, सूक्ष्मफितीवर उतरवलं गेलं आणि पुढे फ्राइबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात परत आलं. माणसांच्या सेवेच्या नोंदी बर्लिनला, तिथे अर्ज करावा लागतो. आजींनी थरथरत्या हाताने सही केली. शिवाय जिनिव्हाच्या रेडक्रॉसने त्या युद्धातल्या सुमारे २० लाख कैद्यांच्या नोंदी कुणालाही पाहायला खुल्या ठेवल्यात. आजोबांचं नाव मला आधी तिथेच भेटलं. पकडल्याची तारीख: २४ सप्टेंबर १९१६. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

पण सगळ्यांत मोठा उलगडा त्या चामड्याच्या तुकड्याने केला. एका रात्री तो हातात घेऊन बसलो होतो आणि सहज तळहातावर ठेवला. अंगठा छिद्रातून गेला, चकती बरोबर तळहाताच्या गादीवर आली. दत्ता, मला देवगडचे आमचे आजोबा आठवले. गलबताची शिडं शिवताना ते हाताला चामडं बांधत, जाड कापडातून दाभण रेटायला. बर्लिनहून उत्तर आलं त्यात हुद्दा होता झेगेलमाखर्समाट. शिडं शिवणारा.

हवाई जहाजावर शिडं कुठली, असं तुला वाटेल. या माणसाकडे वायूच्या पिशव्या असत. गुरांच्या आतड्याचा पातळ पापुद्रा सुती कापडावर चिकटवून त्या करत. एका जहाजाला अडीच लाखांच्या आसपास गुरं लागत म्हणतात. गोळी लागून भोक पडलं, की अंधाऱ्या सांगाड्यात चढून ते शोधायचं आणि ठिगळ लावायचं. हायड्रोजनला वास नसतो, रंग नसतो, आणि तो कोंडला तर माणूस बेशुद्ध पडतो. एल ३३ ची ती रात्र डोळ्यांसमोर आण. खाली तोफा, आसपास विमानं, आणि हा बाबा शिड्यांवरून ठिगळं घेऊन धावतोय. जहाज लंडनवरून समुद्रापर्यंत पोचलं त्यात त्या हातांचा वाटा होता. असं कागदात कुठे लिहिलेलं नाही, पण ते काम त्याचंच होतं.

लोहक्रॉसचा कागदही वाचून झाला. तो त्या रात्रीच्या आधीचा, १९१६ च्या वसंतातला. म्हणजे लंडनचा आणि त्या क्रॉसचा संबंध नाही.

हे सगळं आजींना सांगितलं त्या दिवशी त्यांनी कॉफी केली, पण प्याली नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्यात मुलं मेली का?" मी लपवलं नाही. एल ३३ चे बॉम्ब बो आणि ब्रॉमली या कामगारवस्त्यांवर पडले. बो रोडवरचं ब्लॅक स्वान नावाचं मद्यगृह कोसळलं, त्यात मालकाच्या मुलीही गेल्या. सबंध युद्धात हवाई जहाजांच्या हल्ल्यांत ब्रिटनमध्ये ५५७ माणसं मेली. आजोबांनी बॉम्ब टाकले नाहीत, पण बॉम्ब नेणारं जहाज हवेत ठेवणं हेच त्यांचं काम होतं. मला हे सांगताना फार जड गेलं. आजोबा त्यांच्यासाठी काय होते हे मला माहीत होतं. लहानपणी त्यांचा फाटलेला रेनकोट इतका बेमालूम शिवून देणारे, की शिवण बोटाला लागत नसे.

मागच्या रविवारी आम्ही नॉर्डहोल्त्सला गेलो. इथून गाडीने जवळच आहे. हवाई जहाज विभागाचा मुख्य तळ तिथे होता, वाऱ्याप्रमाणे फिरवता येईल अशा अख्ख्या फिरत्या शेडसह. आज तिथे संग्रहालय आहे. आजी बराच वेळ एका काचेपुढे उभ्या होत्या. आत जहाजाच्या सांगाड्याचा तुकडा होता. परतताना म्हणाल्या, पेटीत एक कागद लिहून ठेव. आजोबांचं नाव, हुद्दा, जहाज. आणि खाली बो रोडचंही लिही. कैसरचं नको. मी काल रात्री तो लिहिला, जर्मनमध्ये, साध्या अक्षरात. चामड्याचा तुकडा त्यांनी तळातून काढून सगळ्यांत वर ठेवला.

आता तुझ्याकडे येतो. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत तुझ्या पणजोबांचं चांदीचं पदक आहे, मराठा पलटणीत असताना बसऱ्याला गेले होते त्याचं. आपण शाळेत असताना तू ते एकदा दाखवलं होतंस: एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, १९१४–१९१८. मला आता कळतंय ते काय होतं. आणि ब्रिटिश सरकार जर्मनांसारखं नव्हतं. त्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. शंभर वर्षांत झिजली असेल, काळी पडली असेल. चिंच किंवा रांगोळी लावून घासू नकोस, अक्षरं जातील. पातळ कागद कडेभोवती गुंडाळ आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरव, आपण नाण्यांचे ठसे घेत असू तसं. जे उमटेल त्याचा फोटो काढून मला पाठव. पलटणीचा आकडा नीट आला पाहिजे. एकशेतीन, एकशेपाच, एकशेदहा, एकशेसतरा, या साऱ्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या, आणि प्रत्येकीची गत वेगळी झाली.

ट्रंकेत पदकाखेरीज दुसरं काही असेल, एखादं बटण, पट्टा, चामड्याचा तुकडा, तर तेही बाहेर काढून ठेव. फेकू नकोस.

काकूंना नमस्कार सांग. मी मार्चमध्ये येतोय.

तुझा,
विनय