‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’पलीकडचं क्वीन

महोदय,
क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की गायक फ्रेडी मर्क्युरीची पाचगणीतली शाळा आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ यापुढे गाडी सरकतच नाही. गाणं थोरच आहे. पण ते ज्या अल्बममधलं, त्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’त (१९७५) एकूण १२ गाणी आहेत.

‘गुड कंपनी’ हेडफोन लावून ऐका. मध्येच क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन वाजवणारा जुन्या वळणाचा जॅझचा ताफा ऐकू येतो. प्रत्यक्षात तिथे एकही फुंकवाद्य नाही! ती सगळी बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची गिटार. त्यानं वडिलांबरोबर घरी बनवलेली, शेकोटीच्या जुन्या लाकडी चौकटीतून दांडी कोरलेली. तुकड्यातुकड्यानं ध्वनिमुद्रण करून त्यानं एकट्यानं हा वाद्यवृंद उभा केला. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मधलं हार्प हे तंतुवाद्यही त्यानंच वाजवलेलं.

आणि ‘थर्टी-नाइन’! अंतराळातून वर्षभरानं परतलेल्या प्रवाशांना पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली दिसतात. खगोलभौतिकीचा विद्यार्थी असलेल्या मेनं, प्रचंड वेगात काळ मंदावतो असं सांगणारा सापेक्षतावाद चक्क लोकगीताच्या चालीत बसवला. मला तरी दरवेळी शेवटच्या ओळीला भरून येतं.

आपल्या पुरवणीत या बाकीच्या गाण्यांवरही कुणा जाणकाराकडून लिहवून घ्यावं, ही विनंती.

– एक वाचक, सातारा