कूलंटची गळती शोधून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना अनावृत आभारपत्र

इंदूर

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

आमच्या 2003 सालच्या गाडीतील कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, गळती आपण शोधून काढलीत आणि नीट दुरुस्त करून दिलीत, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपले नाव किंवा दुकानाचा पत्ता कुठेही देऊ नये, असे आपण मला बजावले होते आणि ते मी पाळते आहे. मात्र आपण हे काम ज्या रीतीने केलेत, ती रीत जुन्या गाड्या निगुतीने सांभाळणाऱ्या सर्वांना कळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून पत्र अनावृत ठेवले आहे.

तक्रार वरवर पाहता साधी होती. रिझर्व बाटलीतील पातळी हळूहळू खाली जाई, आम्ही ती भरत असू आणि काही दिवसांनी ती पुन्हा उतरलेली दिसे. गावात फिरताना टेम्परेचरचा काटा जागचा हलत नसे, पण ओंकारेश्वरहून परतताना सिमरोलच्या अलीकडे भेरूघाटाचा चढ सुरू झाला की तो निम्म्याच्या वर सरकू लागे. गाडीखाली मात्र थेंब कधीच दिसला नाही. थेंब दिसत नाही, त्या अर्थी पाणी इंजिनाच्या आत जाते आहे आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालचे सील, गेले आहे, असे आम्हाला एका ठिकाणी ठामपणे सांगण्यात आले होते व इंजिन उघडण्याचा खर्चही ऐकवण्यात आला होता. दुसरीकडे रेडिएटर बदलण्याचा सल्ला मिळाला. नात्यातील एका ज्येष्ठांनी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुन्या ड्रायव्हर लोकांचा उपाय सुचवला. पाणी नेमके कुठून जाते, हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती.

आपण बॉनेटला हात लावण्याआधी मला स्टुलावर बसवून विचारपूस केलीत. काटा चढावर वर जातो की सिग्नलला उभे राहिल्यावर? सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर बराच वेळ येत राहतो का? समोरच्या काचेला आतून चिकट, धूसर थर येतो का, पुढच्या सीटच्या पायाशी कार्पेट ओले लागते का? आणि गोडसर वास येतो का, येत असेल तर केव्हा? गाडी मीच चालवते, हे कळल्यावर आपण प्रत्येक प्रश्न मलाच विचारलात आणि घरातील कुणा पुरुषाला बोलावून आणा असे सुचवलेही नाहीत, याचे मला फार समाधान वाटले. धूर नाही, काच स्वच्छ, कार्पेट कोरडे, पण लांबून येऊन गाडी थांबवली की थोडा वेळ हवेच्या झरोक्यातून गोडसर वास येतो, असे मी सांगितले. त्यावर आपण म्हणालात, “मग ताई, पाणी तापलेल्या लोखंडावर पडतंय आणि तिथंच उडून जातंय.”

तरीही आपण तेवढ्यावर विसंबून राहिला नाहीत, हे मला विशेष नमूद करावेसे वाटते. हेड गॅस्केटचा संशय आधी दूर झाला पाहिजे, असे म्हणून आपण ऑइलचे झाकण उघडून आतील बाजू दाखवलीत. ऑइलमध्ये पाणी मिसळले असते तर तिथे दुधाळ चिकटा साचला असता. मग गार इंजिनावरच रेडिएटरचे झाकण काढून तोंडाशी निळ्या द्रवाची नळी बसवलीत आणि इंजिन सुरू ठेवून रेडिएटरमधील हवा त्या द्रवातून ओढलीत. सिलिंडरमधील जळका वायू पाण्यात येत असेल, तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे तो द्रव पिवळा पडतो, हे आपण समजावून सांगितलेत. द्रव निळाच राहिला. ज्या कामासाठी आम्हाला इंजिन उघडायला सांगण्यात आले होते, त्याची गरजच नव्हती, हे त्या छोट्या चाचणीने स्पष्ट झाले.

खरा तपास आपण दुसऱ्या दिवशी सकाळी केलात, आणि तोही गाडी रात्रभर उभी ठेवून. गरम इंजिनावर झाकण उघडले की उकळते पाणी अंगावर उडते, हे मला ठाऊक होते. पण गार इंजिनावर तपास करण्याचे दुसरे कारण आपल्याकडूनच कळले. इंजिन गरम असताना थेंब एक्झॉस्टच्या नळीवर पडताच वाफ होऊन जातो. इंजिन गार असेल आणि हातपंपाने आत तेवढाच दाब दिला, तर थेंब थेंबच राहतो आणि डोळ्यांना दिसतो. झाकणाच्या जागी दाबमापक असलेला पंप बसवून आपण काटा 0.9 बारवर आणलात आणि मग पंप सोडून स्वस्थ उभे राहिलात. काटा जागेवर राहायला हवा होता. तो अगदी सावकाश, पण नक्की खाली येत होता.

त्यानंतर आपण एकेक जागा पांढऱ्या कापडाने पुसत गेलात. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथे जोडलेली असते ती कड कोरडी होती. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक छिद्र असते आणि आतील सील गेले की पाणी आधी तिथून डोकावते. तेही कोरडे होते. होज नळ्यांचे सगळे क्लॅम्प कोरडे होते. मग आपण टॉर्च आणि दांडीचा छोटा आरसा घेऊन इंजिनाच्या मागच्या अंगाला, केबिनच्या पत्र्याकडे, जिथे हातही जेमतेम जातो तिथे पाहू लागलात, आणि काही वेळाने मला जवळ बोलावून आरसा दाखवलात. वॉटर पंपाकडे जाणारी लोखंडी नळी तिथे एका ब्रॅकेटने धरलेली होती. ब्रॅकेटच्या कडेला हिरवट-पांढरा क्षारांचा थर साचला होता आणि त्याच्या खाली मोहरीएवढा थेंब धरत होता. तो मोठा झाला, खालच्या एक्झॉस्टच्या नळीवर पडला आणि लगेच त्याच जागी दुसरा धरू लागला. इतके दिवस न सापडलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना पाहून मला जो आनंद झाला, तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

ब्रॅकेट सोडवल्यावर कारणही कळले. ब्रॅकेट आणि नळी यांच्या फटीत ओल व माती धरून राहते आणि नळी बाहेरून गंजते. शिवाय गाडी आमच्याकडे येण्यापूर्वी तिच्यात वर्षानुवर्षे बोअरिंगचे साधे पाणी भरले जात असावे, कारण नळीच्या आतही क्षार आणि गंज यांची खपली होती. झाळून काम भागेल का, असे मी विचारले, तेव्हा आपण नखाने दाबून आजूबाजूचा पत्रा किती पातळ झाला आहे ते दाखवलेत आणि नवी नळी मिळेपर्यंत थांबायला सांगितलेत. हळदीविषयी आपले मतही मला पटले: घाटात अडकल्यावर घर गाठण्यापुरती ती ठीक, पण नंतर सगळी धुऊन काढली नाही, तर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या तिनेच तुंबतात.

रेडिएटरच्या झाकणाची गोष्टही सांगायलाच हवी, कारण ते बदलण्याचे इतर कुणाच्या मनातही आले नव्हते. त्यातील रबर कडक होऊन ते ठरलेल्या दाबाच्या बरेच आधी उघडत होते. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी यांचे मिश्रण उघड्यावर 107 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, आणि 0.9 बारचा जादा दाब टिकला तर सव्वाशे अंशांच्या जवळपास. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने साधे पाणी इथे शंभराच्याही थोडे आधीच उकळते. दाबच टिकत नसेल, तर घाटात काटा वर जाणारच. अगदी स्वस्तातल्या त्या झाकणाचे महत्त्व आपण मला इतक्या आस्थेने समजावून सांगितलेत, की आता कुणाचीही गाडी तापते असे ऐकले की मी आधी झाकणाविषयी विचारते.

नवी नळी आल्यावर आपण नव्या ओ-रिंगला, म्हणजे जोडावरच्या रबरी कड्याला, कूलंटचा हात लावून ती बसवलीत, आतील सगळी यंत्रणा स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलीत आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरलेत. आत हवा अडकू नये म्हणून गाडीचे तोंड चढाकडे ठेवून, हीटरची खुंटी पूर्ण गरमवर फिरवून, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप, उघडेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत आपण गाडीजवळून हलला नाहीत. आपल्याकडे इंदुरात हीटर फारसा लागत नाही, त्यामुळे त्या वाटेत अडकलेली हवा कुणाच्या लक्षातच येत नाही, हे आपले निरीक्षण मी लिहून ठेवले आहे. निघालेले जुने कूलंट आपण डब्यात भरून झाकण लावून ठेवलेत. ते गोड असते, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात, म्हणून ते गटारात ओतू द्यायचे नाही, असे आपण आपल्या हाताखालच्या मुलाला सांगितलेत. आपल्याविषयीचा माझा आदर त्या क्षणी आणखी वाढला.

त्यानंतर सासूबाईंना घेऊन आम्ही ओंकारेश्वरला जाऊन आलो. भेरूघाटात काटा निम्म्याच्या खालीच राहिला आणि बाटलीतील पातळी आपण मार्करने ओढलेल्या रेघेवर आहे.

पान उलटावे तसे सुटे भाग बदलत राहिलो असतो, तर रेडिएटरही गेला असता आणि इंजिनही उघडले गेले असते. आपण मात्र प्रत्यक्ष थेंब पाहिल्याशिवाय पाना हातात घेतला नाहीत, आणि मजुरीही झालेल्या कामापुरतीच घेतलीत. त्याबद्दल मी आणि घरातील सर्वजण आपले ऋणी आहोत. खालची होज नळी दाबल्यावर मऊ लागते, ती उन्हाळ्यापूर्वी बदलून घ्या, असे आपण सांगितले होते. त्यासाठी मार्चमध्ये गाडी घेऊन येईन; आदल्या संध्याकाळीच आणून ठेवीन, म्हणजे सकाळी इंजिन गार मिळेल.

आपली कृतज्ञ,
2003 च्या गाडीवाल्या ताई