एक्सेलमध्ये एक मॅच घाल

प्रिय बंड्या,

तुझी एक्सेल शीट मिळाली. बघितली आणि पहिलं डोक्यात आलं ते हेच की लेका तू सुट्टीला येतोयस का ऑडिटला? क्योटोत एका दिवसात पाच देवळं, दुसऱ्या दिवशी नाराची हरणं, मग ओसाकाचा किल्ला, मधे "शॉपिंग २ तास", आणि प्रत्येकाला वेगळा रंग. वहिनी काही बोलल्या नाहीत का बघून? असो, तुझा प्लॅन तुला लखलाभ, मला त्यातली फक्त एक संध्याकाळ हवीये. ओसाकाला असाल तेव्हा मंगळ, बुध, गुरू यातली एक संध्याकाळ मोकळी ठेव, आपण कोशिएनच्या स्टेडियमला हान्शिन टायगर्सचा बेसबॉल बघायला जाऊ. सगळे. काकूंना पण घेऊन.

तू म्हणणार बेसबॉल कोणाला कळतो. इथे प्रोजेक्टवर आलो तेव्हा मलाही ओ की ठो कळत नव्हतं आणि खरं सांगू का, फार कळावंही लागत नाही. दोन्ही टीमना नऊ-नऊ वेळा बॅटिंग, तीन आउट झाले की पाळी बदलली, तीन बेसना पाय लावून परत घरी, म्हणजे जिथून बॅटिंग केली तिथे, आला की एक रन. बॉल समोरच मारायचा, मागे गेला किंवा बाजूच्या रेषेबाहेर गेला की फाउल, त्यामुळे कॉलनीत फेमस असलेल्या तुझ्या लेट कटला इथे शून्य किंमत. एवढ्या भांडवलावर मॅच आरामात बघता येते, बाकीचं शेजारी बसलेले लोक खाणाखुणांनी सांगतात, विचारलं नाही तरी सांगतात.

आता वीकडेच का, शनिवार-रविवार का नाही, ते सांगतो. बाहेरदेशी मॅच म्हटलं की आपले लोक लगेच फायनल, वर्ल्ड कप, भारत-पाकिस्तान असलं काहीतरी धरतात. महिनोन्महिने तिकिटाच्या मागे लागायचं, पैसे दाबून मोजायचे, आणि आत गेल्यावर आजूबाजूला कोण, तर आपल्यासारखेच बाहेरून आलेले, अर्धे सेल्फी काढतायत, अर्धे कंपनीच्या पासवर आलेत. त्याच्यात त्या गावचा माणूस कुठेय? त्या गावचा माणूस बघायचा तर काहीही पणाला लागलेलं नसलेली मॅच पकडायची. इथल्या प्रत्येक टीमला सीझनला १४३ मॅच असतात, मार्चअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, सोमवार सोडला तर जवळपास रोजच, आणि त्यातल्या साधारण निम्म्या घरच्या मैदानावर. आपल्या आयपीएलमध्ये लीगच्या चौदा, त्यातल्या सात घरी, म्हणून आपल्याकडे मॅच म्हणजे लग्नकार्य होऊन बसतं. नाहीतर मग रणजी, तिथे प्लेअरच्या घरचे आणि चार पेन्शनर. मधलं काही नाहीच. इथे आडदिवशी, पॉइंट टेबलमध्ये मधेच कुठेतरी लोंबकळणाऱ्या टीमबरोबर मॅच असली तरी हान्शिन टायगर्सला चाळीस हजार माणूस येतं. ऑफिस सुटलं, गाडी पकडली, आले. ते बघायला चल.

आणि गाडीची गंमत ऐक, तुला रेल्वेचं वेड आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. हे कोशिएन स्टेडियम बांधलं हान्शिन रेल्वे कंपनीने, १९२४ साली, ऑगस्टच्या १ तारखेला उघडलं. टीम काढली नंतर, १९३५ मध्ये. म्हणजे आधी रूळ, मग रुळाला लागून मैदान, मग मैदानाला टीम, की लोकांनी आमच्याच गाडीने यावं आणि आमच्याच गाडीने जावं! इथे बऱ्याच रेल्वे कंपन्यांनी अशा टीम पाळल्या होत्या, हान्क्यू, नान्काई, किन्तेत्सू, आता सेइबू आणि हान्शिन उरल्यात. आपल्याकडे रेल्वेची रणजी टीम आहे खरी, पण तिची मॅच बघायला म्हणून कोणी लोकलचं तिकीट काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. ओसाकातल्या उमेदा स्टेशनहून फास्ट गाडीने पंधरा मिनिटं लागतात कोशिएनला आणि ती पंधरा मिनिटं पण बघण्यासारखी. डब्यात सुटाबुटातले गंभीर चेहरे, आणि एकेक जण टाय काढून घडी करून बॅगेत ठेवतोय आणि शर्टावरून पिवळी-काळी जर्सी चढवतोय. उतरेपर्यंत आख्खा डबा पिवळा.

मी पहिल्यांदा गेलो ते ऑफिसातल्या एका काकांबरोबर. काका म्हणजे रिटायरमेंटला आलेले, मीटिंगमध्ये तोंडातून शब्द काढायच्या आधी तीनदा मान झुकवणारे, दरवाजा पण हळूच लावतील असे. तिकीट त्यांनीच काढलं, कारण तिकिटाच्या साइटने माझं भारतातलं कार्ड घेतलंच नाही. सीट होती उजव्या आउटफिल्डला, साधारण दोन-अडीच हजार येनवाली. मी आपलं भिडस्तपणे विचारलं, काका जवळची महागातली घेऊया का, पैसे मी देतो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी देवळात चप्पल घालून शिरलोय. उजवीकडेच बसायचं. तिकडे ओएन्दान असतं, म्हणजे चिअरिंगवाल्यांची पलटण, ढोल, ट्रम्पेट, मोठमोठे झेंडे. प्रत्येक बॅटरचं स्वतःचं वेगळं गाणं असतं आणि ते आख्ख्या स्टँडला पाठ. चिकामोतो बॅटिंगला आला की एक, सातो आला की दुसरं, आणि मधे "कात्तोबासे" म्हणून बॅटरच्या नावाने ओरडा, लांब मार म्हणून. हातात प्लॅस्टिकचे दोन भोंगे, ते एकमेकांवर आपटून ताल धरायचा. रन झाला की ओळख ना पाळख, पुढच्या-मागच्या सगळ्यांशी भोंग्याला भोंगा लावायचा.

आणि खरी मजा पुढेच आहे. हे सगळं फक्त आपली बॅटिंग असताना. तिसरा आउट झाला की हे चाळीस हजार लोक बसतात, खायला काढतात, गप्पा मारतात. आता पाळी त्यांची. त्या दिवशी समोर हिरोशिमा कार्प होते, डाव्या कोपऱ्यात त्यांचा एवढासा लाल तुकडा, आणि त्या तुकड्याचा ट्रम्पेट आख्ख्या मैदानात स्वच्छ ऐकू येत होता. हिरोशिमावाल्यांची एक खास स्टाइल आहे, अर्धे उभे राहतात, अर्धे बसतात, मग उलट, तालावर, उठाबशा काढल्यासारखं, बॅटर आउट होईपर्यंत. आणि पिवळे लोक ते ऐकून घेतात रे! बू नाही, बाटली भिरकावणं नाही, त्यांचा आवाज दाबायला आपला ढोल नाही. मी जरा वेळ अस्वस्थच झालो, आपल्याला सवय नाही ना, आपल्याकडे समोरच्याने फोर मारला की स्टेडियममध्ये सुतक. (विनम्र लोक, कचरा उचलून नेतात वगैरे ते व्हॉट्सअ‍ॅपवर तुला दर महिन्याला येत असेलच, ते सोड.)

कारण विनम्रपणा गेला खड्ड्यात, काकांचं ऐक. सहाव्या इनिंगला बेस भरलेले, रन हवेत, आणि आपला बॅटर उभा राहून तिसरा स्ट्राइक, म्हणजे आउट करणारा बॉल, नुसता बघत बसला. काका उठले. माझे काका, दरवाजा हळू लावणारे. आणि त्यांनी त्या पोराला जे काही सुनावलं ते मला अर्धंच कळलं, पण कळलेल्या अर्ध्यात त्याचा पगार, त्याचे डोळे आणि घरी जाऊन झोप एवढं नक्की होतं. पुढच्या रांगेतली म्हातारी मागे वळली, मला वाटलं आता बोलणार, तर ती टाळ्या वाजवायला लागली. कोशिएनचा प्रेक्षक त्यासाठी प्रसिद्धच आहे म्हणे. स्वतःच्याच टीमला शिव्या, दुसऱ्याच्या टीमला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात काका परत तसेच, मान झुकवून गुड मॉर्निंग.

बिअरवाल्या पोरी बघशील तिथे. पाठीवर पंधरा किलोच्या आसपासचा बॅरल, डोक्यावर चमकती टोपी, एकेका बिअर कंपनीचा एकेक झगझगीत रंग, आणि त्या उभ्या पायऱ्या संध्याकाळभर चढतायत-उतरतायत. तू हात वर केलास की दोन पायऱ्यांवर गुडघा टेकून बसते, का तर मागच्याचा बॉल चुकू नये, नळीने ग्लास भरते, वर बरोब्बर दोन बोटं फेस, पैसे घेऊन हसून पुढे. कॅन, काचेची बाटली आत नेता येत नाही, पण आपल्याकडे गेटवर सरळ काढून घेतात तसं नाही, कॅन असेल तर कागदी ग्लासात ओतून देतात, घेऊन जा म्हणतात. खायला कोशिएन करी फेमस, स्टेडियम उघडलं तेव्हापासूनची, पण त्यात मांस असतं, तेव्हा काकूंसाठी एदामामे, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा मिठासकट, आणि बटाट्याचे फ्राइज. त्यांना आवडतील शेंगा, आपल्या भुईमुगाच्या उकडलेल्या आवडतातच ना त्यांना.

सातव्या इनिंगला सगळे उठून टीमचं गाणं म्हणतात, रोक्को ओरोशी, मागच्या रोक्को डोंगरावरून खाली येणाऱ्या वाऱ्याचं. पण मैदानात खरा वारा असतो तो समुद्राचा, उजवीकडून डावीकडे, डावखुऱ्यांचे मोठे शॉट हवेतच अडवतो. त्याच वाऱ्यात रँडी बास नावाच्या डावखुऱ्या अमेरिकन दाढीवाल्याने १९८५ साली सीझनभरात ५४ होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारले आणि टायगर्स लीग जिंकले. मग त्या रात्री ओसाकात पब्लिक एकेका प्लेअरच्या नावाने हाक मारायला लागलं, आणि त्या प्लेअरसारखा दिसणाऱ्याने दोतोनबोरीच्या नदीत उडी मारायची. बाससारखा दिसणारा काही सापडेना, तर लोकांनी केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानाबाहेरचा दाढीवाल्या म्हाताऱ्याचा पुतळा उचलला आणि दिला फेकून. त्या वर्षी जपान सिरीज, म्हणजे देशाची फायनल, पण जिंकली, आणि पुढची जिंकली ती थेट २०२३ मध्ये! मधल्या काळात सगळं खापर त्या म्हाताऱ्यावर, शाप म्हणे. २००९ मध्ये नदीतून पुतळा निघाला तेव्हा चष्मा आणि डावा हात गायब. तुझ्या शीटमध्ये दोतोनबोरीसमोर "फोटो, नीऑन साइन" एवढंच लिहिलंयस, म्हणून सांगून ठेवतो, फोटो काढताना पुलावरून खाली पण बघ.

आम्ही हरलो हे सांगायचं राहिलं. दोन-एक. काका गाडीत एक शब्द बोलले नाहीत, उमेदाला उतरताना फक्त म्हणाले, उद्या पण आहे.

आता कामाचं. मे महिन्यात येताय ते बरंय, ऑगस्टला आला असतास तर बरेच दिवस कोशिएनवर टायगर्स भेटले नसते, तेव्हा मैदान शाळेच्या पोरांना देतात. देशभरातल्या ४९ शाळांची नॉकआउट असते, हरलेली पोरं रडत रडत तिथली काळी माती पिशवीत भरून घरी नेतात, आणि प्रोफेशनल टीम तोवर दुसऱ्या मैदानांवर खेळते. पण मेचा पहिला आठवडा टाळ, गोल्डन वीक असतो, सुट्ट्यांचा, आख्खा जपान रस्त्यावर. आणि लाल जर्सी-बिर्सी घालून येऊ नका, पाहुण्या टीमच्या कपड्यांना आपण बसणार त्या भागात बंदी आहे, पोरीला पिवळं काहीतरी घाल. मॅच सहाला सुरू होते, संपायला नऊ-सव्वानऊ. बरोबरी झाली तर बाराव्या इनिंगपर्यंत खेचतात आणि मग तशीच सोडून देतात, पण संपली की स्टेशनवर जादा गाड्या उभ्याच असतात, काकूंना ताटकळायला लागणार नाही.

टोकियोला असाल तेव्हा सुमोची मे महिन्याची स्पर्धा पण चालू असेल बहुतेक, र्योगोकूला, पंधरा दिवस असते. तिथे मात्र स्वस्तातलं वरच्या मजल्यावरचं खुर्चीचं तिकीट काढ, खाली गादीवर मांडी घालून चौघांत बसायला तुझे गुडघे राहिलेले नाहीत. सकाळी जाऊ नकोस, मोठे पैलवान चारनंतर येतात, सहाला खेळ खलास. योकोझुना, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा पैलवान, हरला तर लोक बसायच्या गाद्या आखाड्याच्या दिशेने भिरकावतात, मनाई आहे पण भिरकावतात. कुस्तीचं वेड तुझ्या बाबांना होतं, खासबागेच्या गोष्टी सांगायचे, त्यांना हे फार आवडलं असतं.

तर तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळव, लगेच म्हणजे त्याच दिवशी, टायगर्सची तिकिटं फार आधी संपतात. काका काढून देतो म्हणालेत. पाच जागा उजव्या बाजूला, आणि सहावी त्यांची स्वतःची, ते येणारच आहेत, विचारलं पण नाही त्यांनी. आणि येताना गोडा मसाला आण अर्धा किलो, बाकी काही नको.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार, पोरीला पापा.

तुझा,
पक्या

ता. क. शीटमधलं क्योटोचं पाचवं देऊळ उडव, चौथ्यानंतर सगळी सारखीच दिसतात.