सुमे, काल शपथ झाली

प्रिय सुमे,

आम्ही सगळे ठीक, माझं बीपी गोळीवर आहे, ते सोड. काल माझी शपथ झाली, अमेरिकन झाले. ह्यांनी केक आणला, ग्रुपवर अभिनंदनं चाललीयत, पण मला रात्रभर तुझ्याशीच बोलायचं होतं.

दारातच ग्रीन कार्ड काढून घेतलं. सर्टिफिकेट शपथेनंतर, तोवर जवळ फक्त एक छोटा झेंडा. दुसऱ्या कुठल्याही देशाशी निष्ठा ठेवणार नाही, कायद्याने सांगितलं तर शस्त्र हाती घेईन, असं सगळं म्हणायचं. मी पुटपुटले नाही सुमे, मोठ्याने म्हटलं. आणि आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे तिकडचं नागरिकत्व तिथेच संपलं. आता पासपोर्ट परत करायचा, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, त्यावर येऊन राहता येतं पण मत नाही. म्हणजे तू पंचायतीला उभी राहणार आणि मी तुला मत देऊ शकत नाही! कॉलेजात मी सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला, उभी होते तेव्हा तू त्या देसाईचा प्रचार करत फिरलीस, तो राग अजून आहे, तरी तुलाच दिलं असतं गं.

मग अमेरिकन होणं म्हणजे नक्की काय, हेच डोक्यात फिरतंय. आर्या इथे जन्मली, चौदाव्या घटनादुरुस्तीने आपोआप झाली, तिला हा प्रश्नच कळत नाही. मला परीक्षेत विचारलं होतं, फक्त नागरिकांचीच अशी एक जबाबदारी सांगा. ज्युरीवर बसणं, म्हटलं. अभ्यास करताना भगतसिंग थिंडबद्दल वाचलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं तू गोरा नाहीस, नागरिकत्व नाही. त्यानंतर आपल्या कितीतरी लोकांना मिळालेलं काढून घेतलं. हा गडी गेला नाही कुठे, परत अर्ज केला, १९३६ ला मिळवलं. बाकीच्यांना १९४६ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. मला तर तो कागद हातात नसतानाही अमेरिकनच वाटतो, कारण हा देश माझाही आहे हे त्याने कुणाला विचारलं नाही, सांगितलं.

इतकी वर्षं टॅक्स भरला पण शाळेच्या मीटिंगमध्ये मी मागे गप्प. पाहुणी अळणी आमटीलाही छान म्हणते, घरची मीठ मागते. काल बाहेर मतदार नोंदणीचं टेबल होतं, फॉर्म तिथेच भरला. हल्ली इथे बाहेरून आलेल्यांबद्दल जे बोललं जातं त्याने पोटात गोळा येतो, पण आता गप्प बसणार नाही.

काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? ओंकारची दहावी ना यंदा, त्याला फार ओरडू नकोस. अर्ज कधी भरतेयस आणि चिन्ह काय मिळतंय ते लगेच कळव, पत्रकाचा मजकूर मी लिहून देते, तुझं शुद्धलेखन मला माहितीय.

तुझीच,
शैला