मुक्तास, सिल्व्हर स्प्रिंगच्या नोकरीबद्दल

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

एफडीएचं, म्हणजे अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याचं, नोकरीचं पत्र आल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि पाठोपाठ "पण आई, पगार बघ ना" असंही म्हणालीस. बाबा शेजारीच होते, म्हणून मी फार बोलले नाही. त्यांचं मत तुला माहीत आहे. बायोस्टॅटिस्टिक्ससारख्या वैद्यकीय संख्याशास्त्रात मास्टर्स करून सरकारी पगाराच्या ग्रेडवर जायचं म्हणजे हापूस आणून त्याचं लोणचं घालायचं, असं ते कालही म्हणाले. मला मात्र यावर सविस्तर लिहायचंय, कारण इतकी वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे. औषध कंपनीचे मंजुरीचे अर्ज एफडीएकडे पाठवायचे, त्यांचे प्रश्न आले की दहा जणांच्या मागे लागून उत्तरं गोळा करायची, यावर आपलं घर चाललं. तू ज्या खुर्चीत बसशील तिच्याबद्दल आमच्या मीटिंगांमध्ये काय काय बोललं जातं, ते इथे लिहीत नाही.

माणसं सरकारी सेवेत का जातात याची पेरी आणि वाईज या अभ्यासकांनी १९९० मध्ये केलेली मांडणी तुम्हाला त्या पॉलिसीच्या कोर्सला होती ना? धोरण घडवण्यात वाटा असावा म्हणून, कर्तव्य वाटतं म्हणून, किंवा लोकांबद्दल कळकळ असते म्हणून. तू म्हणालीस, "यातलं माझ्यात काहीच नाही, मला फक्त आकडे जुळतात का ते बघायला आवडतं." मला ते ऐकून बरं वाटलं. कळकळीने आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातली काही फार चांगली असतात, काही वर्षभरात कंटाळतात. आकडे जुळेपर्यंत न उठणारा माणूस कंटाळत नाही.

फ्रान्सिस केल्सी हे नाव तुझ्या पुस्तकात एखाद्या ओळीत येऊन गेलं असेल. बाई मूळच्या कॅनडाच्या. नवरा आणि दोन मुलींसह साऊथ डकोटाहून वॉशिंग्टनला आल्या आणि १९६० च्या ऑगस्टमध्ये एफडीएत रुजू झाल्या. सप्टेंबरात त्यांच्या टेबलावर केवाडॉन नावाच्या गोळीचा अर्ज आला. नवीन माणसाला द्यावं तसं सोपं काम. झोपेचं औषध, जर्मनीत १९५७ पासून दुकानात मिळत होतं, गरोदर बायका मळमळीवरही घेत होत्या. औषधाचं खरं नाव थॅलिडोमाइड.

तेव्हाचा नियम असा होता की ६० दिवसांत एफडीएने हरकत घेतली नाही तर औषध आपोआप बाजारात. म्हणजे गप्प बसलं की झाली परवानगी. केल्सी दर वेळी मुदत संपायच्या आत कळवायच्या की अर्ज अपुरा आहे. विषारीपणाची माहिती पुरेशी नाही, अभ्यास किती काळ चालला ते नीट लिहिलेलं नाही. अर्ज परत गेला की ६० दिवस पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या आजोबांच्या जिल्हा परिषदेच्या भाषेत, "त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे". हाच शेरा आपल्याकडे लोकांना हेलपाटे घालायला लावण्यासाठी कसा वापरतात हेही मी लहानपणापासून ऐकलंय. कंपनीलाही वाटत होतं की बाई कारकुनी खोड काढतायत. फोन झाले, भेटी झाल्या, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या.

मग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरचं छोटंसं पत्र त्यांच्या वाचनात आलं. ही गोळी बरेच दिवस घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, असं त्यात होतं. मोठ्या माणसाच्या नसांवर परिणाम होतो, तर पोटातल्या बाळाचं काय? त्यांनी कंपनीकडे पुरावा मागितला. कंपनीकडे नव्हता. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. जगभरात मिळून दहा हजारांच्या वर बाळं हातपाय अपुरे असण्यासारखी व्यंगं घेऊन जन्मली असं मानतात. अमेरिकेतही चाचणीच्या नावाखाली डॉक्टरांना गोळ्या वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे काही बाळं इथेही बाधित झाली. पण केवाडॉन इथल्या दुकानात कधीच आली नाही. १९६२ मध्ये केनेडींनी बाईंना पदक दिलं, त्याच वर्षी कायदा बदलून आपोआप मंजुरी बंद झाली, आणि बाई २००५ पर्यंत, नव्वदीच्या होईपर्यंत, तिथेच काम करत राहिल्या.

पदकाचा फोटो सगळीकडे दिसतो. माझं लक्ष मात्र दुसरीकडेच जातं: एवढ्या तक्रारी होऊनही त्यांच्या हातून ती फाईल काढून घेतली गेली नाही. आजोबा असते तर म्हणाले असते, निम्मं श्रेय तिच्या साहेबाला द्या.

वरून दबाव आला तरी कर्मचाऱ्याला हात न लावण्याची ही रीत अमेरिकेला उपजत नव्हती, हे इथे वाढलेल्या मुलांना सहसा माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकात निवडणूक जिंकली की पोस्टमास्तरापासून कस्टम्सच्या कारकुनापर्यंत आपली माणसं भरायची, आणि त्या माणसांनी पगारातून पक्षाला वर्गणी द्यायची, असा उघड व्यवहार होता. व्हाइट हाऊसमध्ये नोकरी मागणाऱ्यांची रांग लागायची. त्या रांगेत चार्ल्स गिटो नावाचा एक जण होता. आपल्या एका भाषणामुळेच जेम्स गारफिल्ड निवडून आले अशी त्याची पक्की समजूत, म्हणून त्याला पॅरिसमधलं वाणिज्यदूताचं पद हवं होतं. ते मिळेना, तेव्हा २ जुलै १८८१ ला त्याने वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर राष्ट्राध्यक्षांना गोळ्या घातल्या. गारफिल्ड सप्टेंबरात गेले. त्यांच्या जागी आले चेस्टर आर्थर, जे स्वतः न्यूयॉर्कच्या कस्टम्समध्ये याच वशिलेबाजीच्या जोरावर मोठे झालेले. त्याच गृहस्थांनी १८८३ च्या जानेवारीत पेंडलटन कायद्यावर सही केली: परीक्षा घेऊन भरती, आणि पक्षाला वर्गणी दिली नाही म्हणून कुणाला काढायचं नाही. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के पदं त्यात आली. बाकीची हळूहळू.

पण परीक्षा ठेवली की न्याय झाला, असं समजू नकोस. पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी करणाऱ्या कुठल्याही पोराला विचार, लोकप्रशासनाचा जनक कोण? झोपेतसुद्धा वुड्रो विल्सन म्हणेल, वर १८८७ चा निबंधही सांगेल. हेच विल्सन १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या मंत्र्यांनी टपाल खात्यात, अर्थखात्यात काळ्या कर्मचाऱ्यांची टेबलं, जेवायच्या जागा, संडास वेगळे केले. १९१४ पासून नोकरीच्या अर्जाला फोटो लावणं सक्तीचं झालं. परीक्षा तीच राहिली, फक्त निवडणाऱ्याला आता चेहरा दिसायला लागला. गंमत बघ, त्याच १९१३ च्या उन्हाळ्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला आले होते. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानात नोकरीवर गेले तेव्हा एवढं शिकलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना आणि कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. म्हणून कुणी "इथे सगळं मेरिटवर चालतं" म्हणालं की मी मान डोलावते आणि पुढचं विचारते.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर बाबा म्हणतील मी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतेय. सरकारी नोकरी म्हणजे कायमची, हे आता राहिलं नाही. २०२५ मध्ये एफडीएतली सुमारे ३,५०० पदं कमी करायचं ठरलं, आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला काहींना नोकरी गेल्याचं कळलं ते दारावर ओळखपत्र चालेना तेव्हा. तपासणी करणाऱ्यांना हात लावणार नाही असं सांगितलं होतं, पण त्यांना मदत करणारे गेले तर त्यांचं कामही अडतंच. पक्ष कुठलाही असो, वरून घाई कर म्हणणारा साहेब तुला कधी ना कधी भेटेल. शिवाय औषध तपासण्याच्या खर्चाचा मोठा भाग १९९२ च्या कायद्यापासून कंपन्यांनी भरलेल्या फीतून येतो, आणि त्या बदल्यात तारखा ठरलेल्या असतात. तारीख पाळायची आणि घाईही करायची नाही, यात बरीच माणसं पिचतात.

तुझ्या होणाऱ्या सहकाऱ्यांपैकी एकीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कंपनीही नाही. आमच्या अर्जातल्या एका तक्त्याखाली बारीक अक्षरात तळटीप होती, त्यात एक आकडा. तो कुठून आला असा त्या बाईंचा प्रश्न शुक्रवारी दुपारी आला. (प्रश्न नेहमी शुक्रवारी दुपारीच येतात, हे तू गेलीस की बदल.) तीन माणसं शनिवार-रविवार खपली, मूळ नोंदी काढल्या, आकडा बरोबर निघाला. सोमवारी आम्ही पाठवलं, आणि त्यांचं उत्तर आलं: "मिळालं, आभार." आमच्याकडे सगळे वैतागले. मी त्या आठवड्यात आपल्याच कंपनीची गोळी बाबांना जरा जास्त विश्वासाने दिली.

रुजू होताना शपथ घ्यावी लागेल. ती राष्ट्राध्यक्षांच्या किंवा खात्याच्या मंत्र्यांच्या निष्ठेची नसते. राज्यघटनेचं समर्थन आणि रक्षण करीन, अशी असते. नेवार्कला नागरिकत्व घेताना मीही जवळपास तेच म्हटलं होतं; तू बाबांच्या मांडीवर बसून कागदी झेंडा चावत होतीस. मोठ्याने म्हण, पुटपुटू नकोस.

आता कामाचं. आत्याने तुझ्या नावावर घेतलेले औषध कंपनीचे शेअर्स विकावे लागतील, तिथल्या कर्मचाऱ्यांना ते ठेवता येत नाहीत. आत्याला मी समजावते. आई अमुक कंपनीत काम करते हे तुला लिहून द्यावं लागेल आणि आमच्या अर्जांपासून लांब राहावं लागेल. जेवताना मी ऑफिसची गाऱ्हाणी सांगते ना, ती आता बाबांनाच ऐकावी लागणार. त्यांच्या विरोधाचं हेही एक कारण असेल.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणालीस. त्याआधी पत्रात ग्रेडबरोबर स्टेप, म्हणजे त्या ग्रेडमधली पगाराची पायरी, कितवी लिहिली आहे ते बघ. मास्टर्स आणि त्या दोन उन्हाळ्यांचं काम दाखवून वरची स्टेप मागता येते, पण ती रुजू व्हायच्या आधीच. नंतर कुणी ऐकत नाही.

तुझी,
आई